पर्यावरण ‘मायनर’ला: आंतरपीक की तण?

गेल्या वर्षी जूनमध्ये पिंपळगावला ताईकडे गेलो होतो. भाचीचं बीएस्सीचं पहिलं वर्ष संपलेलं, मेजर केमिस्ट्री ठरलेलं आणि मायनरची चौकट रिकामी. दाजींनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, “मायनर म्हणजे अज्ञान ना? सातबाऱ्यावर अ.पा.क. लिहितात तसं?”

पोरगी हसून लोळली. (सातबाऱ्यावर अल्पवयीन वारसाला अज्ञान म्हणतात.) पण दाजींचं चुकलं असं मला वाटत नाही. आमच्या पिढीने मायनर हा शब्द कोर्टाच्या आणि तलाठ्याच्या कागदावरच पाहिला. तिला मायनरला पर्यावरणशास्त्र घ्यायचं होतं. घरच्यांना ते म्हणजे झाडं लावणं वाटत होतं. मी नाशिकच्या सातपूर भागातल्या एका कारखान्यात सांडपाण्याच्या प्लँटवर बावीस वर्षं काढलेली, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. यंदा पुन्हा प्रवेशाचे दिवस आले आणि ओळखीच्या तिघांनी फोन करून तोच प्रश्न विचारला. म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

आधी मेजर-मायनरचा घोळ

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीची मांडणी बदलली. मेजर म्हणजे ज्या विषयाची पदवी मिळणार तो मुख्य विषय. मायनर म्हणजे त्याच्या जोडीला सलग शिकायचा दुसरा विषय. मोजमाप क्रेडिटमध्ये असतं. एक क्रेडिट म्हणजे एका सेमिस्टरमध्ये पंधरा तासांचं शिकवणं. प्रात्यक्षिक असेल तर तीस तास. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट आहेत आणि त्यातले २४ मायनरचे. महाराष्ट्रातले आणि विद्यापीठा-विद्यापीठातले आकडे थोडे इकडेतिकडे होतात, त्यामुळे आपल्या कॉलेजचा तक्ता पाहणं उत्तम. पण साधारण पाचवा-सहावा हिस्सा धरा.

दाजींना हे आकडे सांगून उपयोग नव्हता. त्यांना म्हटलं, नव्या उसात कांदा घेतात ना, तसं. ऊस मुख्य पीक, कांदा आंतरपीक. आंतरपिकाने मुख्य पिकाचं पाणी-खत पळवायचं नसतं, आणि दोघांची मुळं वेगवेगळ्या खोलीवर असली तर दोन्ही पिकं येतात. वाईट निवडलं तर ते आंतरपीक राहत नाही, तण होतं. हे त्यांना एका दमात पटलं. पुढचा प्रश्न बरोबर होता: “मग पर्यावरण यातलं कोणतं?”

तो सक्तीचा पेपरच ना हा?

नाही, आणि गैरसमजाचं मूळ इथेच आहे. पर्यावरणाचे खटले लढवणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: चित्रपटगृहांत पर्यावरणाच्या स्लाइड दाखवा, रेडिओ-टीव्हीवर कार्यक्रम करा आणि शाळा-कॉलेजांत हा विषय सक्तीने शिकवण्याचा विचार करा. विचार बरीच वर्षं चालला. २००३ साली न्यायालयाने पुन्हा बजावलं, तेव्हा यूजीसीने सर्व शाखांच्या पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला.

त्याचं पुढे काय झालं ते त्या काळात पदवी घेतलेल्या कुणालाही विचारा. वर्तमानपत्रातले फोटो कापून फाइलमध्ये चिकटवायचे, गेल्या वर्षीच्या मुलाची फाइल मिळाली तर तीच नव्या कव्हरमध्ये घालायची, आणि ‘प्रदूषण: कारणे व उपाय’ परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्सवाल्याकडून. तो पेपर नव्या रचनेतही वेगळ्या नावाने सक्तीचा आहे आणि दोन-चार क्रेडिटचा आहे. तो म्हणजे प्रथमोपचाराचा वर्ग. जखम झाली तर काय करावं, एवढं सगळ्यांना कळावं म्हणून. मायनर त्याच्या कितीतरी पट तासांचं असतं. नर्सिंग म्हणा हवं तर. डॉक्टर होणार नाही, पण नाडी बघता येईल.

नाडी बघायची म्हणजे काय

गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती नाशिककरांना सांगायला नको. पुराच्या दिवसांत सगळं शहर एकमेकांना विचारतं, मारुतीच्या गुडघ्याला लागलं की कमरेला? २००८, २०१६, २०१९, दर मोठ्या पुराला हीच मोजपट्टी. मारुतीची कंबर हा एक दर्शक आहे. एका ठिकाणी पाहायचं आणि त्यावरून अख्ख्या नदीची हालत ओळखायची. पर्यावरणशास्त्राचा बराचसा भाग असे दर्शक शोधण्याचा, मोजण्याचा आणि त्यांच्यावर किती भरवसा ठेवायचा हे ठरवण्याचा आहे. बातमीत गंगापूर धरणातून इतके क्यूसेक सोडले असं येतं. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. हा आकडा आणि मारुतीची कंबर यांचं नातं जोडता आलं की तुम्ही हा विषय शिकायला लागलात.

नदीच्या घाणीचा असाच एक दर्शक आहे, बीओडी. माझा बावीस वर्षांचा सोबती, म्हणून जरा रेंगाळतो.

एखादं मंगल कार्यालय डोळ्यांसमोर आणा. दारं-खिडक्या बंद. जेवण भरपूर, म्हणून फुकटे पाहुणे लोटलेत. कोपऱ्यात बिचारं नवरीकडचं एक म्हातारं जोडपं बसलंय. पाहुणे जितके जास्त, तितकी खोलीतली हवा लवकर संपणार. आधी गुदमरणार म्हातारा-म्हातारी. आता पाणी घ्या. जेवण म्हणजे सांडपाणी, निर्माल्य, खरकटं. पाहुणे म्हणजे ते खाणारे जिवाणू. म्हातारं जोडपं म्हणजे मासे. ही घाण खाऊन संपवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल, त्या हिशेबाला बीओडी म्हणतात. आकडा मोठा म्हणजे घाण जास्त.

मुळात पाण्यात ऑक्सिजन असतोच किती? लिटरभर हवेत अडीचशे मिलिग्रॅमहून जास्त. पंचवीस अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम आठ. माशांचा सगळा संसार त्या आठात. म्हणून आंघोळीच्या पाण्याचा आपल्याकडचा निकष असा आहे: बीओडी लिटरला तीन मिलिग्रॅमच्या आत, विरघळलेला ऑक्सिजन पाचच्या वर, आणि विष्ठेतून येणारे जिवाणू शंभर मिलिलिटरमागे पाचशेच्या आत असावेत, फार तर अडीच हजार. सिंहस्थात रामकुंडावर लाखो लोक उतरतात तेव्हा हे तीन आकडे कागदावरचे राहत नाहीत.

भाची हिवाळ्यात वर्गासोबत नदीचं पाणी तपासायला गेली होती. मीही गेलो, हौस म्हणून. धरणाच्या बाजूचं एक ठिकाण आणि शहर ओलांडल्यावरचं एक. तीनशे मिलिची काचेची बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग दोन द्रावणं सोडायची, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड. बूच लावून उलटसुलट हलवायची. धरणाकडच्या बाटलीत क्षणात तपकिरी ढग उठला आणि चहाच्या चोथ्यासारखा तळाशी बसला. म्हणजे ऑक्सिजन आहे. दुसऱ्या बाटलीत ढग उठला तो फिकट, दुधात चहाचे दोन थेंब पडावेत तसा. पूर्ण पांढरा झाला असता तर ऑक्सिजन शून्य. पोरं गप्प झाली. पाणी दिसायला दोन्हीकडचं सारखंच होतं.

(कारखान्यात आम्ही बीओडीच्या भरवशावर बसायचो नाही. त्याचा निकाल यायला नमुना सत्तावीस अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवावा लागतो, आणि तीन दिवसांत टाकी नदीला मिळालेली असते. म्हणून रोजच्या कामाला सीओडी. तेच काम रसायनाने, दोन-तीन तासांत.)

एकच विषय की दहा विषयांची मिसळ?

मिसळच आहे. नाशिककराला ती शिवी वाटू नये. तपोवनातल्या झाडांचं घ्या. सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तिथली झाडं तोडायचा विषय २०२५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात पेटला, लोक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. ‘एक तोडलं तर दहा लावू’ हे वाक्य तेव्हा सगळ्यांनी ऐकलं. आता या एका वाक्यात किती विषय आहेत ते मोजा.

कायदा: महाराष्ट्राचा शहरी झाडांचा कायदा १९७५ चा. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त वर्षांच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं, आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं तितकी नवी झाडं लावायला सांगितली. मग वय कसं काढणार? तिथे वनस्पतिशास्त्र आलं. कार्बन किती साठला होता? जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीला, खोडाचा घेर घ्यायचा, त्यावरून सुकं वजन काढायचं, त्यातला साधारण निम्मा कार्बन धरायचा आणि कार्बन डायऑक्साइडचा आकडा हवा तर ३.६७ ने गुणायचं. हे गणित. तेवढा कार्बन दहा रोपांत साठायला किती वर्षं, आणि दहातली किती जगतात? संख्याशास्त्र. जुन्या झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या पिंगळ्याने आणि पोपटांनी मधली वीस वर्षं कुठे जायचं? प्राणिशास्त्र. आणि साधूंची सोय कुठे करायची, हाही खोटा प्रश्न नाही. तो नियोजनाचा.

रामकुंडाच्या तळाचं काँक्रीट काढून झरे मोकळे करा, ही गोदाप्रेमींची जुनी मागणी. तीही अशीच. आपला खडक बेसॉल्ट. त्यात पाणी वाळूतल्यासारखं सगळीकडे मुरत नाही, भेगांमधून आणि झिजलेल्या थरांतून फिरतं. त्यामुळे झरा कुठे जिवंत असेल हे भावनेवर ठरत नाही, भूजलशास्त्रावर ठरतं. भावना खोटी ठरते असं नाही. पण लवादासमोर कागद लागतो.

‘झाडं लावायला डिग्री कशाला?’

झाडं लावायला नकोच. कोणतं झाड कुठे लावू नये हे सांगायला लागते. नांदूर मध्यमेश्वर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, २०२० साली जाहीर झालेलं. निफाड तालुक्यात गोदावरी-कादवेच्या संगमावर. तिथे उघड्या गाळाच्या काठावर आणि उथळ पाण्यात पक्षी चरतात. कुणी प्रेमाने काठभर दाट झाडी लावली तर त्यातल्या कित्येकांचं ताट काढून घेतल्यासारखं होईल.

‘नोकरी कोण देणार?’

हा खरा प्रश्न, आणि दाजींनी तो आडवळणाने विचारला: “हिने काय लोकांचा कचरा मोजायचा?”

मी त्यांना २०१० आठवायला सांगितलं. त्या वर्षी आपल्या द्राक्षांत सीसीसीचे, म्हणजे वेलीची वाढ रोखायला वापरायच्या रसायनाचे, अंश सापडले म्हणून युरोपने माल अडवला. मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. हिशेब करा: चौदा टनांच्या कंटेनरमध्ये सगळा मिळून पाऊण ग्रॅमही नाही, साधारण चिमूटभर मिठाएवढं. तेवढ्यावर बागायतदारांचं वर्ष गेलं. दाजींना ते वर्ष कोणी आठवून द्यायला लागत नाही. त्यानंतर उर्वरित अंशांचे नमुने, प्रयोगशाळा, बागेची नोंदणी हे सगळं कडक झालं. त्या प्रयोगशाळेत मशीनसमोर बसणारी व्यक्ती केमिस्ट असते. पण ते रसायन मातीत किती दिवस टिकतं, विहिरीत कधी उतरतं, पावसाने धुतलं तर कुठे जातं, हे ज्या केमिस्टला कळतं तिला किंमत जास्त.

कारखान्यांकडे या. सातपूर-अंबडमधले बहुतेक उद्योग प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीशिवाय, ज्याला सगळे नुसतं ‘कन्सेंट’ म्हणतात, चालत नाहीत. ही सोय १९७४ च्या पाणी कायद्याने आणि १९८१ च्या हवा कायद्याने आली. दर वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र भरायचं असतं. ईटीपी, म्हणजे सांडपाण्याचा प्लँट, चालवायचा, नमुने घ्यायचे, नोंदी ठेवायच्या. वायनरीच्या धुवणाच्या पाण्याचा बीओडी पाहिलात तर डोकं गरगरेल, साखर आणि अल्कोहोल म्हणजे जिवाणूंची दिवाळी. बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, २०२२-२३ पासून पर्यावरणाचा आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, त्यामुळे कॉमर्सच्या मुलांनाही आता टन कार्बन हे एकक पाठ करावं लागतंय. खरं सांगायचं तर बीकॉमसोबत हे मायनर घेणाऱ्याला मी सगळ्यात हुशार म्हणेन. जमाखर्च आणि पर्यावरण दोन्ही कळणारी माणसं मला बावीस वर्षांत दोनच भेटली.

पण फसवणार नाही. नुसत्या मायनरवर कुणी नोकरी देत नाही. मोठ्या प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे करावा लागतो. तो करणाऱ्या सल्लागार संस्थेत हवेचा माणूस वेगळा, पाण्याचा वेगळा, जैवविविधतेचा वेगळा. तिथे तुमचं मेजर विचारतात. मायनर कामाला येतं ते दुसऱ्याच्या पानावर काय लिहिलंय हे समजायला.

आणि एक खाचखळगा, जो फॉर्म भरताना कुणी सांगत नाही. भारतीय वन सेवेच्या पात्रतेत जे विषय आहेत, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भूगर्भ, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, पशुवैद्यक, शिवाय कृषी, वनशास्त्र, इंजिनीअरिंग, त्यांत पर्यावरणशास्त्राचं नाव नाही. म्हणजे जंगलखात्याचं स्वप्न असेल तर वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र मेजर ठेवून पर्यावरण मायनरला घ्यावं. उलटं केलंत तर दारातच अडायची भीती. प्राध्यापक व्हायचं असेल त्यांच्यासाठी नेट परीक्षेत पर्यावरणशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, पण त्यासाठी पुढे एमएस्सी करावी लागेल.

‘हे लोक विकासाच्या आडवे येतात’

काही येतात. पण या विषयाचा अभ्यासक्रम घोषणांचा नसतो. दोन बाजूंचे आकडे एकाच टेबलावर मांडायला लावतो, आणि पुष्कळदा आंदोलकांचाही आकडा चुकीचा निघतो. माझ्या कारखान्यात मंडळाचा अधिकारी आला की साहेब लोकांना घाम फुटायचा. मला फुटायचा नाही, कारण माझं रजिस्टर खरं होतं. इतकंच.

कुणी घेऊ नये

‘सोपा आहे, मार्क पडतात’ म्हणून घेणाऱ्याने. एका कॉलेजच्या चौकशी खिडकीवर आम्हाला अगदी याच शब्दांत हा विषय विकला गेला. वर “प्रॅक्टिकलचा त्रास नाही” हेही. मी भाचीला तिथून उठवलं. प्रात्यक्षिकाशिवाय हा विषय म्हणजे पाण्याशिवाय पोहणं, आणि असं मायनर खरोखर तण होतं. तास खातं, हाती काही लागत नाही.

म्हणून प्रवेशाआधी थेट विचारा. प्रयोगशाळेत पाणी तपासता येतं का, की बाटल्या कपाटात शोभेला आहेत? वर्षातून किती वेळा बाहेर नेतात, आणि ‘बाहेर’ म्हणजे पिकनिक की नमुने? शिकवणारे याच विषयाचे आहेत की ज्यांचा तास रिकामा होता ते? नकाशा तयार करायचं सॉफ्टवेअर, जीआयएस, निदान ओळखीपुरतं आहे का? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा: गेल्या वर्षीच्या मुलांचे प्रकल्प दाखवा. दाखवायला काही नसेल तर उत्तर मिळालं.

दुसरं, गणिताची चीड असेल तर विचार करा. इथे निसर्गप्रेम लागतं तेवढीच टक्केवारी आणि सरासरी लागते. आणि कला शाखेच्या मुलांनी घाबरू नये. भूगोल, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांच्यासोबत हे मायनर छान बसतं. लवादाचा निकाल वाचून समजणारा पत्रकार नाशिकला हवाच आहे.

भाचीने घेतलं. या उन्हाळ्यात पुन्हा पिंपळगावला गेलो तेव्हा दाजी सकाळीच दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घेऊन ओट्यावर उभे. विहिरीचं पाणी भरलेलं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की वर्षानुवर्षं युरिया टाकला की विहिरीत नायट्रेट उतरतं, आणि पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको.

“हे तपासून आण.”

पोरीने बाटली उन्हात धरून पाहिली. “पप्पा, यात आधी काय होतं?”

“मागच्या लग्नातली थम्सअप. धुतलीये मी.”

“अशी नाही चालत. नायट्रेटला तरी चालेल एक वेळ, पण त्याच पाण्याने तीनदा खंगाळायची, मग भरायची. जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली वेगळी लागते, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबला पोचवायची. मोटार किती वेळ चालवली होती आधी?”

दाजी माझ्याकडे बघायला लागले. मोटार त्यांनी चालवलीच नव्हती, दोरीने बादली सोडून पाणी काढलं होतं.

“चला परत,” म्हणाली, आणि बाटली झाडाला ओतून विहिरीकडे निघालीसुद्धा.